अंतर घराच्या उंबऱ्यापासून मोजावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांतील पाणी, रस्ते, दवाखाने आणि शाळा यांविषयीच्या बातम्या व वाचकांची पत्रे आपल्या दैनिकात नियमितपणे येत असतात. त्यांतील बहुतेकांचे मोजमाप ‘अमुक प्रभागात इतके दवाखाने आणि इतक्या शाळा’ अशा स्वरूपाचे असते. सुविधा आहे की नाही हे कळायला हवेच. परंतु ती असताना तिथपर्यंत कोण, कोणत्या वाटेने आणि किती वेळात पोहोचू शकतो, याचा नकाशा पुण्यासारख्या शहराने करून घ्यावा आणि पुढच्या विकास योजनेतील आरक्षणे, म्हणजे शाळा-दवाखान्यांसारख्या सोयींसाठी राखलेल्या जागा, ठेवण्याचा वा उठवण्याचा निर्णय त्या नकाशाला विचारून घ्यावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे. कात्री लावायची झाल्यास ती शेवटाकडून न लावता मधे कुठेतरी लावावी, ही विनंती.

या विषयात मी नुसता तक्रारदार नाही, चुकीतला भागीदारही आहे. नगररचनेच्या एका कार्यालयात मी 31 वर्षे आरेखक होतो. संगणक येण्याआधीच्या काळात सुविधांचा नकाशा कसा होत असे ते सांगतो. साहेब शाळा, दवाखाने, उद्याने यांची यादी देत. आम्ही ती ठिकाणे मूळ नकाशावर टिंबांनी दाखवत असू. मग प्रत्येक टिंबावर परकाराचे टोक रोवून नकाशाच्या प्रमाणात अर्ध्या किंवा एक किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढायचे आणि वर्तुळातला भाग फिकट हिरव्या रंगाने भरायचा. हिरवी वर्तुळे एकमेकांना छेदून सगळा कागद झाकला गेला की त्या भागात सुविधा पुरेशा आहेत, असा शेरा पडत असे. वर्तुळाच्या मधून नाला जात होता, लोहमार्ग जात होता, कधी एखादी टेकडी उभी होती, हे मला दिसत नव्हते असे म्हणण्याची सोय नाही, कारण तो नाला निळ्या शाईने मीच काढलेला असे. पण नाल्यावर पूल कुठे आहे, हे यादीत नसायचे आणि आम्ही विचारत नसू.

निवृत्तीनंतर मी नऱ्ह्याच्या बाजूला राहायला आलो. गेल्या पावसाळ्यात पत्नीच्या गुडघ्याचे दुखणे बळावले आणि रक्तदाबाच्या गोळ्या दर महिन्याला आणायच्या होत्या, म्हणून जवळच्या एका सरकारी दवाखान्यात आम्ही दोघे चालत गेलो. नकाशावर पट्टी ठेवून पाहिले तर आमचे घर आणि तो दवाखाना यांत 650 मीटरचे अंतर आहे. म्हणजे मी नोकरीत असतो तर आमचे घर नि:संशय हिरव्या रंगात आले असते. प्रत्यक्षात मधे बाह्यवळण महामार्ग आहे. तो ओलांडायला सेवा रस्त्याने आधी उलट दिशेला भुयारी मार्गापर्यंत जावे लागते. त्या दिवशी भुयारी मार्गात घोट्याच्या वर पाणी होते, तळ दिसत नव्हता, आणि भिंतीच्या कडेने कोणी तरी टाकलेल्या सिमेंटच्या चार ठोकळ्यांवरून लोक एकामागून एक जात होते. समोरून कोणी आले की ठोकळ्यावर थांबून वाट द्यायची. पलीकडे पोहोचल्यावर पुन्हा सेवा रस्त्याने तेवढेच मागे यायचे, आणि त्या पट्ट्यात पदपथ असा नाहीच. मोबाइलवर मोजलेले अंतर 1.9 किलोमीटर भरले आणि वेळ लागला 48 मिनिटे, कारण पत्नीला तीन ठिकाणी टेकायला थांबावे लागले. त्यांतले एक ठिकाण टायरवाल्याच्या दुकानाबाहेरचा टायर होता. रिक्षा मिळाली असती, पण एवढ्याशा अंतराला यायला कोणी तयार होईना. आम्ही पोहोचलो तेव्हा केसपेपरची खिडकी नुकतीच बंद झाली होती.

खिडकीवरच्या बाईंचा यात काही दोष नव्हता; वेळ संपली होती आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी किती वाजता यावे ते नीट सांगितले. मला खटकली ती गोष्ट वेगळी आहे. 650 मीटर, 1.9 किलोमीटर, 48 मिनिटे आणि बंद खिडकी, यांपैकी शहराच्या कागदोपत्री फक्त पहिला आकडा उमटतो.

सरळ रेषेचे अंतर किती फसवे असते, हे साध्या भूमितीनेही दिसते. अर्धा किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे 78.5 हेक्टर भरते. रस्ते अगदी आखीव, चौकटीचौकटीचे असले, मधे एकही अडथळा नसला, तरी अर्धा किलोमीटर चालून जेवढ्या भागातून त्या केंद्रावर येता येते तो आकार चौकोनी पतंगासारखा असतो आणि त्याचे क्षेत्रफळ बरोबर 50 हेक्टर असते. म्हणजे आदर्श परिस्थितीतही वर्तुळातला एक तृतीयांशाहून अधिक भाग खोटा हिरवा असतो. पुण्याचे रस्ते काही आखीव चौकटीचे नाहीत. इथे मुळा आणि मुठा आहेत, खडकवासल्याहून येणारा कालवा वस्तीच्या मधून जातो, पर्वती आणि वेताळ टेकडी आहे, लोहमार्ग आहेत, दोन लष्करी छावण्यांच्या हद्दी आहेत, आणि अलीकडच्या काळात मोठमोठ्या गृहसंकुलांच्या अखंड भिंती आहेत, ज्यांच्यामुळे पूर्वीची पायवाट बंद होऊन मागच्या वस्तीतल्या मुलांना शाळेसाठी वळसा पडतो. ही भिंत कोणत्याही विकास योजनेच्या नकाशावर अडथळा म्हणून दाखवलेली मी पाहिलेली नाही.

अंतर पायी वाटेने मोजावे ही कल्पना नवी नाही. लंडनच्या सोहो भागात 1854 मध्ये कॉलऱ्याची साथ आली तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंची घरे नकाशावर मांडून ब्रॉड स्ट्रीटवरच्या पिण्याच्या पाण्याच्या पंपाकडे बोट दाखवले, ही गोष्ट शाळकरी मुलांनाही माहीत असते. कमी माहीत असलेली गोष्ट अशी की, पुढच्या वर्षी त्यांनी त्या नकाशाची सुधारित आवृत्ती काढली आणि तीत एक तुटक रेषा दाखवली. ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि आजूबाजूचे इतर पंप यांपासून समान अंतरावर असलेल्या ठिकाणांची ती रेषा होती, आणि ते अंतर त्यांनी सरळ मोजले नव्हते. गल्लीबोळांतून बादली घेऊन जाणाऱ्या माणसाला जेवढे चालावे लागेल तेवढे मोजले होते. रेषेच्या आत मृत्यू दाटलेले होते आणि बाहेर विरळ. परकार त्यांच्याकडेही असणारच.

हे लंडनचे उदाहरण देण्याचे कारण आमच्या शेजारचेच आहे. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत जीबीएस (गियां-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला आणि संशयाची सुई पाण्याकडे वळली. तेव्हा कोणती वस्ती कोणत्या विहिरीचे, कोणत्या टँकरचे, कोणत्या खासगी शुद्धीकरण केंद्राच्या जारचे पाणी पिते, हे घरोघर फिरून विचारावे लागले. आरोग्य कर्मचाऱ्यांनी ते काम घाईत आणि कष्टाने केले, त्याबद्दल आदरच आहे. परंतु नळाचे शुद्ध पाणी कोणाच्या दारात पोहोचते आणि कोणाला ते बाहेरून आणावे लागते, हा अत्यावश्यक सेवेच्या नकाशातला पहिला थर आहे आणि तो साथ येण्यापूर्वी तयार असायला हवा होता.

आता नियम काय सांगतात ते पाहू. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या वस्तीपासून एक किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी लागते, आणि तिथे शब्द चालत जाण्याच्या अंतराचा आहे. कायदा करणाऱ्यांना फरक ठाऊक होता. तो आम्ही आरेखकांनी पुसला. शहरी प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाचे प्रमाण दर 50,000 लोकसंख्येमागे एक असे आहे. हे प्रमाण आवश्यक आहे, पण ते संख्येचे आहे. एका प्रभागाच्या एका टोकाला आरोग्य केंद्र असले की अख्ख्या प्रभागाची सरासरी साजरी होते. 2017 च्या महापालिका निवडणुकीत 41 प्रभाग होते, म्हणजे एकेका प्रभागात लहानसे शहर मावत होते; तेवढ्या पसाऱ्याला एकच आकडा देणे म्हणजे डोंगर आणि दरी यांची सरासरी काढून पठार आहे म्हणण्यासारखे आहे.

शिवाय लोकसंख्या कोणती धरायची? महापालिकेची 2011 च्या जनगणनेतली लोकसंख्या 31,24,458 होती. 2021 ची जनगणना झालीच नाही. पुढची जनगणना 1 मार्च 2027 हा दिवस धरून व्हायची आहे. दरम्यान ऑक्टोबर 2017 मध्ये 11 गावे आणि जून 2021 मध्ये आणखी 23 गावे हद्दीत आली आणि शहराचे क्षेत्र 500 चौरस किलोमीटरच्या पुढे गेले. 2011 मध्ये जिथे ज्वारीचे रान होते तिथे आज बारा मजली इमारती आहेत. जुन्या लोकसंख्येला वाढीचा एकच दर लावून केलेले गणित मध्य पेठांत जास्त माणसे दाखवेल आणि वाघोली किंवा आंबेगावात कमी. मिळकत कराच्या नोंदी, वीजजोडण्या, उपग्रह छायाचित्रांवरून दिसणारे इमारतींचे ठसे यांवरून बराच अचूक अंदाज बांधता येतो. त्यातही एक सावधगिरी हवी: बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या वसाहती, भाड्याच्या खोल्यांत दाटीने राहणारे विद्यार्थी आणि कामगार या नोंदींत नीट उतरत नाहीत, आणि सरकारी दवाखान्याची गरज त्यांनाच सर्वांत जास्त असते.

हा नकाशा प्रत्यक्षात कसा करायचा, याबद्दल थोडे तपशिलाने लिहितो, कारण ‘तंत्रज्ञान नाही’ हे उत्तर आता चालण्यासारखे नाही. शहरावर शंभर किंवा दोनशे मीटरच्या चौकटींची जाळी टाकायची. प्रत्येक चौकटीत किती माणसे राहतात याचा अंदाज भरायचा. रस्त्यांचे, गल्ल्यांचे, पादचारी पुलांचे आणि भुयारी मार्गांचे जाळे घ्यायचे. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशात त्याचा मोठा भाग फुकट उपलब्ध आहे आणि क्यूजीआयएस हे तो वापरण्याचे सॉफ्टवेअरही फुकट आहे. मग प्रत्येक चौकटीपासून सर्वांत जवळच्या दवाखान्यापर्यंत, शाळेपर्यंत, रेशन दुकानापर्यंत, अंगणवाडीपर्यंत, बसथांब्यापर्यंत जाळ्यावरून लागणारा वेळ काढायचा. संगणकाला हे काम रात्रभराचे आहे. माणसांना लागणारे काम दुसरे आहे: जाळे खरे आहे का, हे चालून पाहण्याचे. भुयारी मार्ग नकाशावर असतो, पण जुलैत तो असतो का? मुठेवरचा भिडे पूल नकाशावर असतो, पण खडकवासल्यातून पाणी सोडले की तो पाण्याखाली जातो. तेव्हा पावसाळ्याचा नकाशा वेगळा काढावा लागेल, हे पुणेकराला सांगायला नको.

वेळ काढताना चालण्याचा वेग कोणता धरायचा, हा मला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वाटतो. सॉफ्टवेअरमध्ये सहसा ताशी पाच किलोमीटर हा वेग आधीच भरलेला असतो. हा धडधाकट माणसाचा, मोकळ्या पदपथावरचा, हातात पिशवी नसतानाचा वेग आहे. माझ्या पत्नीचा त्या दिवसाचा वेग ताशी अडीच किलोमीटरही भरला नाही. कडेवर मूल आणि बोटाला दुसरे घेऊन लसीकरणाला जाणाऱ्या बाईचा वेग किती असेल? नकाशा पाच किलोमीटरच्या वेगाने काढला तर तो तरुण पुरुषांच्या शहराचा नकाशा होतो. तो ताशी तीन किलोमीटरने आणि त्याहूनही कमी वेगाने पुन्हा काढावा, आणि तीनही नकाशे शेजारी शेजारी लावावेत. फरक पाहायला साहेबांना चष्मा लागणार नाही.

पोहोचण्यात घड्याळही आले. दवाखाना दुपारी बंद असेल आणि रोजंदारीवरच्या माणसाची सुट्टी संध्याकाळी होत असेल, तर त्याच्यासाठी तो दवाखाना नकाशावर नाही. बससेवेचेही तेच. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र होऊन 2007 मध्ये पीएमपीएमएल झाली; थांबे किती आहेत हे तिच्याकडे असते, पण उपनगरातल्या थांब्यावर सकाळी दहाला येणाऱ्या गाड्या आणि रात्री नऊला येणाऱ्या गाड्या यांत जो फरक असतो तो थांब्याच्या टिंबात दिसत नाही. ससून रुग्णालय 1867 पासून स्टेशनजवळ आहे, महापालिकेचे कमला नेहरू रुग्णालय मंगळवार पेठेत आहे; मोठ्या आजाराला गरीब माणसाची धाव अजूनही शहराच्या मध्याकडेच असते. मांजरी किंवा खडकवासल्याहून रात्री तिथे पोहोचायला आणि मुख्य म्हणजे परत यायला किती वेळ व किती पैसे लागतात, हे मोजले गेले तर उपनगरांत रुग्णालये कुठे हवीत यावरची बरीच चर्चा थोडक्यात आटोपेल.

केंद्रापर्यंत पोहोचल्यावर तिथे डॉक्टर किती जणांना पुरायचा, हेही गणितात धरता येते. 2003 मध्ये लुओ आणि वांग या दोन भूगोलतज्ज्ञांनी अमेरिकेत वापरलेली एक पद्धत या विषयात आता सर्रास चालते. तिचा हिशेब साधा आहे. समजा, एका दवाखान्यात एक डॉक्टर आहे आणि अर्ध्या तासात तिथे पोहोचू शकणारी 20,000 माणसे आहेत. दुसऱ्यात दोन डॉक्टर आहेत, पण पोहोचू शकणारी 80,000 आहेत. दर दहा हजारांमागे पहिल्याचा वाटा अर्धा डॉक्टर, दुसऱ्याचा पाव. ज्या घराला दोन्ही दवाखाने अर्ध्या तासात गाठता येतात त्याच्या वाट्याला पाऊण डॉक्टर आला; ज्याला फक्त दुसराच गाठता येतो त्याला पाव. दोन डॉक्टरांचा दवाखाना मोठा दिसतो, त्याची कोनशिला मोठी असते, पण त्याच्या आसपासच्या माणसाच्या हाती कमी लागते. असा आकडा प्रत्येक चौकटीला मिळाला की नवा डॉक्टर कुठे नेमायचा हे ठरवायला इमारत बांधण्याचीही गरज पडत नाही.

मनुष्यबळाचा प्रश्न निघेल. पुणे महापालिकेने झाडांची गणना जीपीएसच्या साहाय्याने करून एकेका झाडाची जागा नकाशावर नोंदवली आहे. मला त्या कामाचे कौतुक आहे. पण ज्या शहराला प्रत्येक गुलमोहराचा पत्ता ठाऊक आहे त्याला प्रत्येक वस्तीपासून दवाखान्याची वाट ठाऊक करून घेणे अशक्य नसावे. शिवाजीनगरच्या सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठात (पूर्वीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात) नगर नियोजनाचा अभ्यासक्रम आहे, पुणे विद्यापीठात भूगोल विभाग आहे. आशा सेविकांना आपल्या भागातली प्रत्येक गल्ली आणि प्रत्येक गरोदर बाई माहीत असते. मात्र आशांवर हे आणखी एक काम फुकटात टाकू नये, त्याचा मोबदला ठरवून द्यावा. पाहणीची परंपरा तर याच गावात आहे. 1930 च्या दशकात धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने घरोघर माणसे पाठवून पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी केली होती. मुंबई विद्यापीठात 1919 पासून काही वर्षे प्राध्यापक असलेले पॅट्रिक गेडिस हे तर आधी पाहणी, मग योजना, असा आग्रहच धरत आणि गावोगाव स्वतः पायी हिंडत.

आपल्या कायद्यातही पाहणी आधीच आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 25 नुसार विकास योजना तयार करण्यापूर्वी विद्यमान जमीन वापराची पाहणी करून नकाशा करावाच लागतो. त्या नकाशात कुठे काय आहे ते असते. कोणाला ते गाठता येते, हे असत नाही. कायदा न बदलता त्याच पाहणीला हा दुसरा नकाशा जोडता येईल.

आणि ही वेळ त्यासाठी नेमकी आहे. जुन्या हद्दीची 2007 ते 2027 या काळासाठीची विकास योजना जानेवारी 2017 मध्ये मंजूर झाली, म्हणजे वीस वर्षांच्या योजनेची निम्मी वर्षे मंजुरीतच गेली. कलम 127 नुसार योजना अंमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जागा संपादित झाली नाही तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो, आणि ठरलेल्या मुदतीत पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप उठते. 2017 मध्ये दहा मिळवून पाहावे. दवाखाना, शाळा, क्रीडांगण अशा अनेक आरक्षणांबाबत महापालिकेला लवकरच ठरवावे लागेल की कोणत्या जागेसाठी पैसा ओतायचा आणि कोणती सोडून द्यायची. सगळ्या जागा घेण्याइतका पैसा नसणार, हे मी नोकरीतल्या अनुभवावरून सांगतो. तेव्हा निवड होणार. ती जागेच्या बाजारभावावरून आणि कोणाच्या चपला किती झिजल्या यावरून व्हायची नसेल, तर प्रत्येक आरक्षणाला एक प्रश्न विचारता यायला हवा: ही जागा गेली तर किती माणसांची चालत जाण्याच्या टप्प्यातली शेवटची शक्यता जाते? एखादे आरक्षण गेल्याने कोणाचेच काही बिघडणार नाही, कारण जवळ दुसरी सोय आहे. आणि एखाद्या दहा गुंठ्यांच्या तुकड्यावर पाच हजार माणसांची पायपीट अवलंबून असेल. वर्तुळांच्या नकाशावर दोन्ही सारखेच हिरवे दिसतात.

2021 मध्ये सुविधा भूखंड, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठी महापालिकेला मिळालेल्या जागा, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्याचा प्रस्ताव आला होता आणि त्यावरून शहरात मोठा वाद झाला. विकू नका आणि पडून ठेवू नका, अशा दोन बाजू होत्या आणि दोन्हींत तथ्य होते. मी मात्र बातम्या वाचताना त्या भूखंडांची यादी शोधत होतो, ज्यात प्रत्येक भूखंडासमोर त्याच्या वीस मिनिटांच्या चालीत राहणाऱ्यांची संख्या आणि त्यांच्या जवळ नसलेली सुविधा लिहिलेली असेल.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो घरातूनही आला: पुण्यात घरटी दुचाकी आहे, चालतो कोण? दुचाकी घरटी असते, माणशी नसते. सकाळी अकरा वाजता, दवाखान्याच्या वेळेला, ती दुचाकी कुठल्या तरी कंपनीच्या वाहनतळात उभी असते आणि घरी असतात ती म्हातारी माणसे, लहान मुले आणि त्यांना सांभाळणारी बाई. ज्याच्याकडे वाहन आहे त्याला दवाखाना एक किलोमीटर दूर असला काय किंवा तीन, फारसा फरक पडत नाही. तो खासगी दवाखान्यातच जातो. ‘पंधरा मिनिटांचे शहर’ अशी एक कल्पना पॅरिसमध्ये अलीकडे गाजली. आमच्या पेठांत राहिलेल्या पिढीला तिचे नवल वाटणार नाही. सदाशिव पेठेत शाळा, वैद्य, मंडई आणि भांडायला शेजारी, सगळेच पंधरा मिनिटांत असे. बाहेर राहायला आलेल्यांची ती सोय मागेच राहिली.

नकाशाने सगळे कळेल, असे माझे म्हणणे नाही. जवळचा दवाखाना सोडून लोक लांबच्या दवाखान्यात का जातात, याचे उत्तर कधी औषधांच्या साठ्यात असते, कधी बोलण्याच्या पद्धतीत. ते रंगवून दाखवता येत नाही. नकाशा महापालिकेच्या हद्दीवर थांबता कामा नये, कारण पिंपरी-चिंचवडमधल्या सांगवीचा माणूस पूल ओलांडून औंधला येतो आणि छावणीच्या कडेला राहणारा पलीकडची शाळा वापरतो. शिवाय असा नकाशा फक्त अधिकाऱ्यांच्या संगणकात राहिला तर त्याचा पहिला उपयोग जमिनीचे दलाल करतील. महापालिकेने खुल्या माहितीचे संकेतस्थळ काही वर्षांपूर्वी सुरू केलेले आहे. हा नकाशा, त्यामागची आकडेवारी आणि धरलेला चालण्याचा वेग, हे तिन्ही तिथे ठेवावे, व्यक्तींची वा घरांची ओळख पटेल असे काही न ठेवता. क्षेत्रीय कार्यालयांच्या भिंतीवर त्या त्या भागाचा नकाशा मोठ्या आकारात लावावा आणि खाली पेन्सिल बांधून ठेवावी. ‘ही वाट बंद आहे’, ‘इथे कुत्री फार’, ‘रात्री दिवे नसतात’ असे शेरे लोक लिहितील. हरकती-सूचनांच्या मोजक्या दिवसांत शंभर पानांचा मसुदा वाचून जी माहिती येत नाही ती त्या पेन्सिलीने येईल.

निवृत्तीनंतरचा वेळ आणि जुनी सवय म्हणून मी गेल्या काही महिन्यांत आमच्या भागातल्या 46 घरांपासून दवाखाना, प्राथमिक शाळा, रेशन दुकान आणि बसथांबा यांची अंतरे प्रत्यक्ष चालून मोजली आहेत. सरळ अंतर एका रकान्यात, पायी अंतर दुसऱ्यात, लागलेला वेळ तिसऱ्यात, आणि चौथ्या रकान्यात घरातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाला विचारून लिहिलेला वेळ. वही दोनशे पानी आहे आणि अक्षर आरेखकाचे असल्याने वाचता येते. समाविष्ट गावांच्या नियोजनाचे काम ज्यांच्याकडे असेल त्यांनी आपल्या दैनिकामार्फत कळवल्यास तिची झेरॉक्स मी स्वखर्चाने, सकाळच्या बसने, कार्यालयात आणून देईन.

आपला नम्र,
एक निवृत्त आरेखक,
नऱ्हे, पुणे